सुट्टीत घरी कोण कोण

टक् — गोंदाच्या बाटलीचं लाल टोपण टेबलाच्या कडेवरून खाली पडलं, फरशीवर स्वतःभोवती गिरक्या घेत कपाटाखाली गेलं, आणि एवढ्याशा आवाजानं सकाळची सगळी शांतता अशी दचकली की टेबलाशी बसलेल्या ठमीच्या आईची कात्री कागदात अर्धीच थांबली. आतल्या खोलीत ठमीनं कूस बदलली असावी. पलंग करकरला... मग पुन्हा काही नाही. ठमी अजून अर्धा तास तरी उठणार नाही. सहा वर्षांच्या लेकीच्या झोपेतून चोरलेल्या या अर्ध्या तासात इतर बायका म्हणे व्यायाम करतात, डायरी लिहितात, स्वतःला वेळ देतात. ती छपरं कापते. लाल कार्डशीटची त्रिकोणी छपरं — तिच्या पहिली 'अ' वर्गातली मुलं आज 'स्वतःच्या हातानं' जी घरं बनवणार आहेत, त्या घरांची.

स्वतःच्या हातानं! हे शब्द मोठ्या बाई सूचनेच्या वहीत दरवर्षी अधोरेखित करतात. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका; उंची जेमतेम टेबलाएवढी, पण सगळी शाळा त्यांना मोठ्या बाईच म्हणते. सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात शाळेला जो ताप चढतो त्याचा उगम त्यांच्या मोबाईलमध्ये असतो. कुठल्यातरी परक्या शाळेतल्या भिंतीचा फोटो त्या सगळ्यांना फिरवून फिरवून दाखवतात आणि म्हणतात, "मुलांना आनंद मिळाला पाहिजे," — आवाज मात्र पाण्याच्या टाकीची साफसफाई जाहीर करताना असतो तोच. मग आनंदाची यादी येते. कार्डशीट, कापूस, मेणखडू, चमकी. यंदाचा आनंद असा : एक घर, त्याला तीन खिडक्या, प्रत्येक खिडकीला उघडमीट करणारं कागदी झाकण, आणि झाकणाआड सुट्टीत घरी असणारी माणसं. फलकावर वर ठळक अक्षरात — सुट्टीत घरी कोण कोण? शुक्रवारी पालक येणार, वाकून वाकून झाकणं उघडणार, फोटो काढणार, आणि आपलं मूल कलाकार आहे अशी खात्री करून घेऊन त्याला वर्षभर पुन्हा टीव्हीसमोर बसवणार.

"तीनच खिडक्या का?" तिनं बैठकीत विचारलं होतं.

"अगं, आई, बाबा आणि मूल! इतकं सोपं!" चमकीबाई म्हणाली. चमकीबाई म्हणजे 'ब' वर्गाची, ठमीच्या वर्गाची शिक्षिका. तिनं हात लावलेल्या प्रत्येक वस्तूला चमकी लागते, तिच्या डब्यातल्या चमच्यालासुद्धा. सगळ्या हसल्या. तीही हसली. माझ्याच त्या हसण्याची मला अजून शिसारी येते — दात काढून, मान तिरकी करून, आपण कशा खेळकर आहोत हे दाखवत... घरी दोनच खिडक्यांची माणसं असताना.

फोन टेबलावर पालथा पडलेला. तो सुलटा करायची गरज नाही, कालचा निरोप पाठ आहे. 'सुट्टीत जमणार नाही. तिला उगाच आशा लावू नकोस.' उगाच! आठ महिन्यांपूर्वी हा माणूस निळी बॅग घेऊन जिना उतरला तेव्हा ठमी झोपलेली होती, आणि सकाळी तिला काय सांगायचं ते सांगायला मागे कोण उरलं होतं? बाबा कामासाठी लांब गेलेत, सुट्टीत येतील. लहान मुलाच्या हाती लागू नये म्हणून आपण एखादी वस्तू फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवतो तशी तिनं 'सुट्टी' तेव्हा वर ठेवून दिली होती. किती लांब वाटली होती. पोर मात्र वाढत होतं, फळी खाली येत होती, आणि आता सुट्टी सोमवारी.

"आई, तू 'अ' वर्गाची घरं करतेस?" ठमी दारात उभी. केस चिमणीनं घरटं करून सोडून द्यावं तसे.

"घरं मुलं करतात. मी नुसती छपरं कापते."

"आमच्या बाई पण असंच म्हणतात."

हिला हे बोलणं कुणी शिकवलं? तिला हसू आलं. तिनं ठमीला ओढून मांडीवर घेतलं. झोपेची ऊब, मानेजवळचा तो साय धरल्यासारखा वास... "तुझं घर झालं का गं?"

"झालं. कालच."

"कोण कोण काढलंस?"

ठमीनं तिच्या तळहातावरचा वाळलेला गोंद नखानं सोलायला सुरुवात केली. पापुद्रा अखंड निघाला पाहिजे, हा दोघींचा खेळ. "तू बघशीलच ना," ती म्हणाली, आणि पापुद्रा अर्ध्यात तुटला.

वर्गात एकतीस मुलं आणि बारा कात्र्या. बोथट, गोल टोकाच्या. त्यांनी कागद कापला जात नाही, कागदाला गुदगुल्या होतात. गोंद बाकावर, बाहीवर, एकाच्या भुवईवर. तिला हा गोंधळ आवडतो हे तिनं मोठ्या बाईंना कधी कळू दिलेलं नाही. या पाऊण तासात पोरं काय काय बोलतात! एकीनं तिन्ही खिडक्यांत मांजरं काढली. एका गोलमटोल गड्यानं तिन्हींत एकच चेहरा काढला होता.

"हा कोण रे?"

"मी."

"आणि हा?"

"मीच. इथे मी टीव्ही बघतोय, इथे मी झोपलोय."

"आणि आई-बाबा?"

"ते ऑफिसात, बाई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जणू ही बाई आत्ताच पृथ्वीवर उतरली आहे.

खिडकीजवळच्या बाकावर, सारखा नाक ओढणारा तो टिल्लू — त्यानं झाकणं उघडलीच नव्हती. घराच्या दारावर त्यानं काळ्या खडूनं रंगवून कापलेलं एक भलंमोठं कुलूप डकवलं होतं. कुलपाला किल्लीचं भोक, भोकातून डोकावणारा अंधारही काळजीपूर्वक रंगवलेला.

"अरे, सुट्टीत घरी कोण कोण ते काढायचंय ना?"

"कुणीच नाही. आम्ही मामाकडे जातो." त्यानं नाक ओढलं. "मग घरी कुलूप असतं, बाई."

बरोबर आहे. इतक्या वर्षांत फलकावरच्या कुठल्याच प्रश्नाचं एवढं सरळ उत्तर कुणी दिलं नसेल. तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली, "शहाणा आहेस," म्हणाली, आणि म्हणताना तिला पक्कं ठाऊक होतं की तीन वाजता आपण हे कुलूप काढणार आहोत.

कारण तीन वाजता, मुलं गेल्यावर, हात फिरवायचा असतो. शाळेतला शब्द तोच — 'जरा हात फिरवून घ्या.' वहीत तो लिहिला जात नाही, बैठकीत उच्चारला जात नाही, पण तीन वाजले की सगळ्या वर्गांची दारं आतून लोटली जातात आणि बायका मुकाट्यानं मुलांचा आनंद दुरुस्त करायला बसतात. वाकडी छपरं उचकटून सरळ, रंग बाहेर गेले असतील तिथे कापूस. आणि खिडक्यांसाठी पाकीट आणलेलं. छापील चेहऱ्यांचं, निळ्या शर्टातला बाप, एप्रन बांधलेली आई, दोन वेण्यांची मुलगी. सगळ्यांचे दात सारखे. दुकानात खोडरबरांच्या शेजारी बाप मिळतो, पाकिटात चाळीस. शुक्रवारी आया येतात, म्हणतात, "अय्या, हे आमच्या बाळानं केलं?" आणि बाळ मागे उभं राहून मान हलवतं. हो म्हणतं. सहाव्या वर्षी पोरं एवढं तर शिकतातच — मोठ्यांना हवं तेव्हा हो म्हणायचं. अभ्यासक्रमात नसलेला हा धडा आपण किती मन लावून शिकवतो!

असा सगळा तिरस्कार मनात घोळवत ती मांजरांवर बाप चिकटवत होती. तिचा हात छान चालतो. हेच तर... तिरस्कारानं हात कधी थांबत नाही, उलट भरभर चालतो. मोठ्या बाई मूर्ख, चमकीबाई थिल्लर, पालक आंधळे, आणि मी? मला सगळं कळतं. आणि सगळं कळणाऱ्या बाईचाच फलक दरवर्षी सगळ्यात नीटनेटका असतो.

ठमी मागच्या बाकावर पाय हलवत बसली होती. शाळा सुटली की ती आईच्या वर्गात येते, डबा संपवते, वाट बघते. समोर आईनं टिल्लूच्या दारावरचं कुलूप नखानं उचकटलं. ते घट्ट बसलेलं, सोबत दाराचा थर घेऊनच सुटलं. त्या पांढऱ्या ओरखड्यावर तिनं छापील फुलांची कुंडी लावली.

"ते त्याचं कुलूप होतं ना?" मागून आवाज आला.

"हो गं. पण खिडक्या उघडायला हव्यात ना? सगळ्यांना आतलं दिसायला नको?"

ठमी बाकावरून उतरली, जमिनीवर पडलेलं कुलूप उचललं आणि मुठीत धरून पुन्हा जागेवर जाऊन बसली. "टाकू नको. मी देईन त्याला उद्या."

साडेतीनला आई घरांचा गठ्ठा आणि टाचण्यांची डबी घेऊन व्हरांड्यात गेली. 'ब' वर्गाचा फलक आधीच लागलेला, लांबूनच लखलखत होता. प्रत्येक छपरावर चमकी, चिमण्यांतून निघणाऱ्या धुरावरही चमकी. चमकीबाई खुर्चीवर चढून कोपरा ठोकत होती.

ठमीचं घर तिसऱ्या ओळीत सापडलं. खाली ठमीचं नाव, पण अक्षर चमकीबाईचं. तिनं पहिलं झाकण उघडलं : दोन वेण्यांची मुलगी. ठमीचे केस मानेपर्यंतसुद्धा नाहीत. दुसरं उघडलं : एप्रनवाली आई. मी आयुष्यात एप्रन बांधलेला नाही. तिसरं...

निळ्या शर्टातला तो. सगळे दात दाखवत. आठ महिने जो माणूस जिन्यावरही दिसला नाही तो आमच्या घरात असा मधोमध, आरामात उभा. पाकिटातला. आज दुपारभर मी स्वतःच्या हातानं याला दहा-बारा घरांत घुसवलं आहे, आणि एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तू कोण? तिचं लक्ष झाकणाच्या कडेवर गेलं. कड फाटलेली होती, कागदाचा राखाडी थर वर आलेला, आणि चारी बाजूंनी वाळलेल्या गोंदाची जाड, काचेसारखी रेघ. पात्यानं कापून मोकळं केलं होतं ते. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा सगळा दिवस असल्या खुणा लपवण्यात जातो.

"हिची ही खिडकी..." ती म्हणाली.

"अगं, तुझी लेक म्हणजे ना!" खुर्चीवरून चमकीबाई हसली. "दोन खिडक्यांत काढलं काहीबाही, आणि ही तिसरी बंदच करून टाकली. अर्धी बाटली ओतली! म्हटलं, उघड गं सोने, बाबा राहिले ना. तर म्हणते, ही उघडायची नाही. मुलंच ती. मग मी जरा हात फिरवला. छान दिसतंय ना आता?"

"हो," ती म्हणाली. "छान दिसतंय."

म्हणाली. तिच्याच तोंडून, मान तिरकी करून, दात दाखवून. आणि त्या क्षणी मनातला तो जुना, चोख, हुशार तिरस्कार — ज्याच्या आधारावर ती रोज सकाळी उठते, छपरं कापते, बैठकीत हसते — तो उगारायला गेली तर हाताला काहीच लागेना. अर्धी बाटली. म्हणजे ठमीनं कितीतरी वेळ ती बाटली दाबून धरली असेल. जीभ बाहेर काढून, एकेक कड नीट भरत. म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून? त्या पहिल्या सकाळपासून? आठ महिने मी तिला सुट्टी सुट्टी म्हणत होते आणि ती, माझं पोर, मला हवं म्हणून मान हलवत होती...

चमकीबाई खुर्ची ओढत आत गेली. तेव्हा आईला जाणवलं की ठमी शेजारी येऊन उभी आहे. केव्हाची कोण जाणे. ती रडत नव्हती. टाचा उंच करून तिनं बोटानं तिसरं झाकण मिटलं. ते हळूच पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. पुन्हा उघडलं, आता त्याला काही धरून ठेवत नव्हतं. मग तिनं मूठ उघडली. घामानं मऊ झालेलं टिल्लूचं कुलूप तिनं त्या झाकणावर दाबून धरलं आणि तसंच धरून, मान वर करून आईकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. चूक दुरुस्त करून आणलेली वही बाईंपुढे धरताना मुलं पाहतात ना, तसं काहीतरी होतं.

"आई," ठमी म्हणाली, "माझं चुकलं होतं का?"