दोन हातांनी चालणारे यंत्र

मित्रांनो, मी एक जुने इस्त्रीयंत्र आहे. रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात माझे आयुष्य गेले. माझे झाकण तव्यासारखे तापते. कामगाराचा हात त्यात सापडू नये म्हणून मला दोन बटणे दिली होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी ती दाबून धरली तरच झाकण खाली येई. एक हात सुटला की झाकण उघडे आणि चादर वाया जाई. या गुणाचे फार कौतुक झाले.

माझ्यावर काम करणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. तिचे हात बटणांवर अडकले की मुकादम मागे येऊन खेटून उभा राही, कमरेला हात लावी. समोर घड्या घालणाऱ्या बायका माना खाली घालत.

वहिनीने कारखान्याच्या तक्रार समितीकडे तक्रार केली. पुढे तिची झोप उडाली. डॉक्टरांनी लांब रजेवर पाठवले. तिकडेच तिला निकाल कळला : काम एकदाही थांबले नाही, हात सोडून तिने त्याला अडवले नाही, म्हणजे त्रास झाला नाही. निकाल देणाऱ्यांनी मला पाहिलेही नव्हते.

ती परतली तेव्हा एक घडीवाली म्हणाली, "आता गप्प बस गं बाई. पाण्यात राहून माशाशी वैर?"

"पाणी काय त्याच्या बापाचं आहे?" वहिनी म्हणाली. तिने अपील केले. एकदा येऊन मशीन बघा, एवढेच तिचे मागणे होते.

अपील ऐकणारे साहेब आले. पण तिच्या रजेत मुकादमाने फिटरकडून माझी बटणे काढवली होती आणि पायाने दाबायची पट्टी बसवली होती. भोके बुजवून वर रंग दिला होता.

"हात तर मोकळेच आहेत की," साहेब म्हणाले.

"तेव्हा बटणं होती, साहेब. या फिटरभाऊंना विचारा. त्यांनीच काढली."

फिटरने मुकादमाकडे पाहिले. "इतकी मशिनं आहेत. कुठलं काय लक्षात राहणार?"

"मग इथं बोट फिरवून बघा ना. बुजवलेली भोकं लागतील हाताला."

"नको, तापलंय ते," साहेब म्हणाले.

अपील फेटाळले गेले. वहिनीने नोकरी सोडली. आता माझ्यावर नवी बाई आहे. मुकादम तिच्याही मागे येऊन उभा राहतो. तिचे हात मोकळे आहेत, पण ती ते उचलत नाही. वहिनीचे काय झाले ते तिने ऐकले आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा तेलाच्या चार थेंबांत होते. माणसाचे तसे नाही. तुमच्या डोळ्यांदेखत कुणाला असा त्रास झाला, तर पाहिलेले सांगा, वेळेवर सांगा. इथे अजून कोणी सांगितलेले नाही.