घंटी आणि अध्यक्षांचे दोन शब्द

मित्रांनो, मी एक जुनी, टेबलावर ठेवायची घंटी आहे. उपड्या वाटीसारखे पितळी अंग, पोटात इवलीशी हातोडी आणि डोक्यावर बटण. थाप पडल्याशिवाय मी बोलत नाही. हा गुण माणसांत किती दुर्मीळ आहे, ते मला पुढे सभांमध्ये कळले.

आधी मी एका हॉटेलच्या काउंटरवर होते. तिथल्या ताईने नोकरी सोडून सभा-संमेलने आखून देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा मालकाने निरोपाची भेट म्हणून मला तिच्या हाती ठेवले.

तिचे बाबा म्हणाले, "खुर्च्याच मांडायच्या होत्या, तर शिकलीस कशाला? वर्षभर बघ. नाही जमलं, तर मुकाट्याने काकाच्या दुकानात बसायचं."

"खुर्च्या मांडणं सोपं आहे बाबा," ताई म्हणाली. "बोलायला उठलेल्याला परत खुर्चीत बसवणं अवघड."

त्यासाठीच तर मी होते. वेळ संपली की ताई मला वाजवी. छोट्या सभांत मी भल्याभल्यांची बोलती बंद केली आणि श्रोत्यांचा दुवा घेतला.

वर्ष सरत आले तेव्हा पहिले मोठे काम मिळाले: विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचे संमेलन. ते नीट पार पडले तर दरवर्षीचे काम पक्के, नाहीतर काकाचे दुकान होतेच. अध्यक्ष होते एक निवृत्त मुख्याध्यापक. जेवणाआधी ते 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले, गुरुत्वाकर्षणापासून निघाले आणि स्वतःच्या बालपणात शिरले. श्रोत्यांच्या माना मात्र गुरुत्वाकर्षणापाशीच राहिल्या.

आचारी ताईच्या कानाशी आला. "मॅडम, सूप आटत चाललंय. अजून थांबलो तर सुरीने कापून वाढावं लागेल."

ताईपुढे इकडे आड, तिकडे विहीर. अध्यक्षांना थांबवावे तर पुढचे काम जाणार, न थांबवावे तर सभागृहभर भुकेलेले शिक्षक. शेवटी तिने, नुसती आठवण म्हणून, माझे बटण बोटाने हळूच दाबले.

मी 'टिंग' म्हटले, आणि काय सांगू मित्रांनो, अख्खे सभागृह उठून उभे राहिले. वह्या मिटल्या, पिशव्या खांद्याला लागल्या आणि सगळे दाराकडे निघाले. ज्यांचा जन्म शाळेच्या घंटेवर गेला, त्यांना कोण अडवणार? ताई पांढरीफटक पडली. तेवढ्यात खुद्द अध्यक्षांनी वाक्य अर्ध्यावर सोडले, कागद गोळा केले, "उरलेलं घरी वाचून या," असे बजावले आणि तेही निघाले.

जेवणानंतर ताई माफी मागायला गेली.

"माफी कसली?" अध्यक्ष हात पुसत म्हणाले. "निवृत्त झाल्यापासून कुठे थांबायचं तेच कळेनासं झालंय. घरची मंडळी सांगून थकली. पुढच्या वर्षीही तुम्हीच या, आणि घंटी विसरू नका."

ताई काकाच्या दुकानात बसली नाही. आता तिच्याकडे वेळ दाखवणारे पडदे आहेत. त्यांवर लाल आकडे लुकलुकतात, आणि वक्ते त्यांच्याकडे पाठ करून बोलत राहतात. एरवी मी चिकटपट्ट्या आणि सुतळीच्या डब्यात पडून असते. शिक्षकांच्या संमेलनापुरते मला बाहेर काढतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू ओलीत टाकू नका. माझी हातोडी गंजली, तर भुकेल्या माणसांची बाजू कोण घेणार? आणि कधी बोलायला उभे राहिलात, तर अधूनमधून समोरच्या चेहऱ्यांकडे बघत जा. तेवढे केलेत, तर मी गंजले तरी चालेल.