हिरव्या पट्ट्यातलं खाचर

पुराच्या पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाला, बदलापूरच्या पलीकडे कोंडेपाड्यात बातमी आली की नव्या विकास आराखड्यात नदीकाठची सगळी भातशेती हिरव्या पट्ट्यात पडली. तिथे आता इमारत बांधायला बंदी. विठाने गावदेवीला नारळ ठेवला. नवरा गेल्यापासून भाताचं खाचर तिनेच कसलं होतं. आता बिल्डरची माणसं दारात येऊन बसणार नाहीत, एवढं तिला पुरे होतं.

शेजारचं खाचर दिराचं, सुदामचं. अंबरनाथच्या एका बिल्डरशी त्याचं बोलणं ठरत आलं होतं, ते फिसकटलं. भात झोडून झाल्यावर एका सकाळी त्याच्या खाचरात जेसीबी उतरला. काळी माती भरभरून डंपर वीटभट्टीकडे निघाले. विठा बांधावर धावली.

"सुदाम, येडा झालास काय? ही माती परत येल का?"

"वयनी, तुमी यात पडू नका. बंदी बांधायला हाय, खणायला नाय."

कचेरीत जाऊन तिने तक्रार केली, तर तिथल्या माणसानेही तेच ऐकवलं. "बांधकाम सुरू झालं की या."

सुदामचं बघून बाकीच्यांनीही माती विकली. चारी बाजूंनी मुरूम उघडा पडला आणि मध्ये विठाचं खाचर ओट्यासारखं उंच उरलं. पावसात बांध ढासळला. तो तिने एकटीने पुन्हा घातला.

पुढे आराखड्यावर आलेल्या हरकतींची पाहणी करायला साहेब आले. मुरमात उभे राहून म्हणाले, "इथे शेती कुठे आहे?"

"जमीन नापीक झाली, साहेब," सुदाम हात जोडून म्हणाला.

"झाली नाय, केली!" विठा मध्ये घुसली. "माती भट्टीत गेली हिची. इचारा त्याला!"

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, आज जमीन जशी दिसते तशी आम्ही धरतो. तुमची चांगली आहे. तुमची हिरव्यातच ठेवू. झालं समाधान?"

तसंच झालं. सगळ्यांच्या जमिनी रहिवासी पट्ट्यात गेल्या, विठाची तेवढी हिरवी राहिली. खड्ड्यांवर भराव पडला, इमारती चढल्या, आणि उंचावरचं तिचं खाचर आता खोलगटात आलं. गटार कुणी काढलंच नव्हतं. मोऱ्यांचं, संडासांचं पाणी खाचरात उतरू लागलं.

त्या वर्षी त्या घाणीवर भात कमरेच्या वर गेलं, काळंभोर हिरवं. फ्लॅट दाखवणारा पोरगा गिऱ्हाइकांना गॅलरीत नेऊन सांगायचा, "समोर कायमचा ग्रीन झोन आहे. हा व्ह्यू कधी जाणार नाही."

दसऱ्याला विठाने लोंबी चिमटीत दाबून पाहिली. दाणाच नव्हता, नुसती फोलपटं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, मग ती बांधावर बसली.

नव्या फ्लॅटमधून सुदाम खाली आला. "वयनी, इकून टाका आता."

"कोण घेल? हिरव्यात हाय ना!"

सुदाम जिना चढून परत गेला.

विठाने भात कापून म्हशीपुढे टाकलं. म्हशीने हुंगून तोंड फिरवलं. तेव्हा तिने ते वाळवलं, त्याचा ढीग रचला आणि पेटवून दिला.

थोड्याच वेळात वॉचमन आला. "मावशी, सोसायटीवाले बोंब मारतायत. धूर करू नका. पोल्युशन होतं."

विठाने आणखी एक पेंढी उचलून आगीत टाकली.