सासऱ्यांचा ग्रह

पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या सुनेला या खेपेला एका परग्रहाने चांगलंच जेरीस आणलं होतं. लहान मुलांची कादंबरी होती. दोन बहिणी यानातून एका निर्जन ग्रहावर उतरतात. तिने संगणकावर जांभळं आकाश केलं, तारे शिंपडले, ग्रहाभोवती एक कडंही टांगलं. पण प्रकाशकबाईंचा फोन आला, "आकाश झकास आहे गं, पण ग्रह म्हणजे नुसता चेंडू वाटतोय. त्याचं वय दिसू दे की जरा."

वय कुठून आणायचं? डोकं खाजवत ती चहा करायला उठली, तर सासरे खिडकीशी खुर्चीत डुलक्या घेत होते. तिरकं ऊन नेमकं त्यांच्या टकलावर पडलं होतं. तपकिरी डाग, बारीक सुरकुत्या, कानाच्या वर खोकेचा जुना व्रण. तिने हळूच कॅमेरा आणला आणि फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत काम फत्ते. कान पुसले, टक्कल तांबूस केलं, सावलीची बाजू आकाशात विरघळवली. सुरकुत्यांच्या दऱ्या झाल्या. ती खुशीत बघत बसली होती, तेवढ्यात सासूबाई मागून डोकावल्या.

"अगोबाई, हे तर ह्यांचं डोकं!"

"आई, हळू बोला ना!"

"हळू काय? ही खोक मी स्वतः धुतलीय. शिडीवरून पडले होते."

सासरे उठून आलेच. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "मला विचारायचं तरी होतंस," एवढंच म्हणून आत गेले.

जेवताना सून म्हणाली, "चुकलंच माझं, बाबा. दुसरा ग्रह करते."

"दुसरा कशाला? ते डाग तेवढे काढ. अगदीच म्हातारा दिसतोय."

"डाग काढले तर पुन्हा चेंडू होईल, बाबा."

"आणि ओळखणार कोण?" सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर ते डोकं मीच तेवढं सोसलंय."

यावर सासऱ्यांना हसू आवरेना. जेवण उरकून त्यांनी संगणकाजवळ खुर्ची ओढली.

"यान कुठे उतरवलंस? छे, तिथे उतार आहे, पोरी गडगडत जातील. अलीकडे घे, कपाळाच्या वर."

तिने घेतलं. यानाची सावलीही तिथे नीट पडली.

छापलेलं पुस्तक घरी आलं, तेव्हा सासरे फोनवर बहिणीला सांगत होते, "अगं, पुस्तकावर फोटो आलाय माझा. नाही, चेहरा नाही. फक्त वरचा मजला."