उलटा कोट

“उलटा घाल राजा. ऊब काय, दोन्हीकडून सारखीच!”

आईचा हा आवाज ऐकून चाळीस वर्षं उलटली, तरी गारठ्याची पहिली झुळूक आली की साहेबांच्या मानेवर तिची बोटं फिरायची, कॉलर सारखी करायची. शाळेत वाटलेला कोट होता तो. पाठीवर देणाऱ्या संस्थेचं नाव, चांगलं वीतभर अक्षरांत. आईनं तो उलटा करून लेकाच्या अंगात घातला आणि बंदांच्या गाठी मारता मारता गुणगुणली,

आल्या वाटेनं जा गं थंडी, इथं नाही थारा,
माझ्या बाळाच्या अंगावर माझ्या मायेचा पहारा.

पहारा थंडीपुरताच होता. लोंबणारे धागे वर्गात सगळ्यांना दिसले आणि ‘फुकट्या’ हे नाव पुढं दोन वर्षं चिकटलं. त्यावर साहेबांनी कधी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. बायकोजवळसुद्धा नाही.

आता ते कपड्यांच्या मोठ्या कंपनीचे मुख्य अधिकारी होते. संध्याकाळी सातला घरी आले की फोन बुटांच्या रिकाम्या खोक्यात. “झाली का कैद्याची रवानगी?” बायको विचारायची, आणि मग जेवण होईपर्यंत साहेब फक्त घरच्यांचे. दर हिवाळ्यात कंपनी वीस हजार मुलांना कोट द्यायची. हा त्यांचाच ध्यास. समारंभात ते सांगायचे, “मला लहानपणी कोट नव्हता, म्हणून मी कोट देतो.” टाळ्या पडायच्या. घालून घालून ते खोटं इतकं मऊ झालं होतं, की अंगाला टोचेनासं झालं होतं.

गेल्या वर्षी त्या कोटांच्या छातीवर कंपनीचं पिवळं फूल आलं. सूचना जाहिरातवाल्यांची, सही साहेबांची. फूलच तर आहे, नाव थोडंच!

रविवारी सकाळी ते लेकीला घेऊन वाचनालयाकडे निघाले होते. धाकटी, दहा वर्षांची. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. कोपऱ्यावर एक मुलगी उभी होती. कोटाच्या शिवणी बाहेर, गळ्यामागं मापाची चिठ्ठी फडफडतेय.

“बाईसाहेबांनी झोपेतच घातलाय वाटतं!” साहेब हसले.

चिमणीनं त्यांचा हात ओढला. “हसू नको ना बाबा. माझ्या वर्गातली आहे ती. मुद्दाम घालते तसा.”

“मुद्दाम?”

“फूल दिसू नये म्हणून. मुलं तिला फुकटफूल म्हणतात. अजून चौघं आहेत तशी.”

“मग मला बोलली का नाहीस गं?”

“तू किती खूश होतास! पेपरात फोटो आला होता तुझा.”

साहेब तिथंच थबकले. हात आपसूक स्वतःच्या कॉलरकडे गेला. वाचनालय आलं, पुस्तकं घेतली, घरी परतले.

सोमवारी ते आधी नमुने शिवणाऱ्या मास्तरांकडे गेले. मास्तर वयानं मोठे, जिभेचे तिखट.

“मास्तर, यंदाच्या कोटावरून फूल काढायचंय.”

“देव पावला! ते फूल नव्हे, पोस्टाचा शिक्का वाटतो मला.”

“आणि गेल्या वर्षीच्या कोटांवरचं?”

“उसवलं तर सुईची भोकं राहतात, साहेब.” मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, कापडाचा एक तुकडा फुलावर ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. “वरून खिसा बसेल. छान ऐसपैस. पोरांना खिसे कितीही द्या, कमीच.”

अकराच्या बैठकीत नमुन्याचा कोट टेबलावर होता. समोर अध्यक्षबाई. साहेबांनी कोपऱ्यावरच्या मुलीची हकिगत सांगितली आणि फूल काढायचं म्हणाले.

“फूल काढलं तर कोट आपला आहे हे कळणार कसं?” जाहिरातवाला कळवळून म्हणाला.

“दिल्यावर तो आपला राहतोच कुठं? त्या मुलाचा होतो,” साहेब म्हणाले.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. “एका पोरीनं कोट उलटा घातला म्हणून एवढा घाट घालायचा? हळवे झालात हो तुम्ही! तुम्हाला तर लहानपणी कोटच नव्हता. असा फुलाचा मिळाला असता तर नाचला असतात की!”

सगळे हसले. साहेबही हसले असते, तर विषय तिथंच मिटला असता. भाषणं शाबूत, फोटो शाबूत, आणि फूलही. त्यांनी कोट उचलला. एका बाहीत हात घालून ती आतून बाहेर ओढली, मग दुसरी. उलटा कोट टेबलावर ठेवला, धाग्यांवरून हात फिरवला. मानेवर कुणीतरी कॉलर सारखी करत होतं.

“बाई,” साहेब म्हणाले, “इतकी वर्षं मी खोटं बोललो. मला कोट होता. फुकट मिळालेला, पाठीवर देणाऱ्याचं नाव असलेला. आणि माझी आई तो मला रोज असा घालायची.”