तीन काय?

कापडाच्या दुकानावरच्या, भविष्य सांगणाऱ्या बाबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडकीत माणसं.

"तंतोतंत! बाबांनी तीन बोटं दाखवली आणि तिसऱ्या आठवड्यात बाइंडर गेले!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांचे हात जोडले गेले. पुस्तकं बांधणाऱ्या त्या बाइंडरची बायको पुढे बसली होती, शेजारी तिची लेक. आज साक्ष द्यायला तिलाच बोलावलं होतं.

नवऱ्याच्या पोटाचा कॅन्सर यकृतात उतरला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "वहिनी, या अवस्थेतले निम्मे पेशंट वर्षाच्या आत जातात, निम्मे त्यापुढेही जगतात. वजन, भूक, रक्ताचे रिपोर्ट पाहून अंदाज बांधता येतो, तारीख नाही. यांची भूक गेलीय, मला भीती वाटते. ज्यांना भेटायचंय त्यांना आत्ताच बोलवा."

"एवढी पुस्तकं वाचून एक आकडा सांगता येईना!" घरी येऊन ती फणफणली होती.

नवरा अंथरुणातून हसला. "अगं, पुस्तकं मीही बांधतो. शेवटच्या पानावर काय आहे, मला तरी कुठे ठाऊक असतं?"

मग ती बाबांकडे आली. बाबांनी डोळे मिटले आणि तीन बोटं वर केली. शब्द नाही. तिला हायसं वाटलं. तीन वर्षं!

"पोरीला बोलाव ना," नवरा म्हणाला.

"परीक्षा आहे तिची. घाई काय?"

आणि आता लेक उठून उभी राहिली.

"बाबा, तीन काय?"

"मुली, काळ बोलतो. आम्ही निमित्त."

"काळाला आठवडा आणि महिना यातला फरक कळत असेलच की!" मागे कुणीतरी खुदकन हसलं. ती गर्दीकडे वळली. "कुणाचं माणूस तिसऱ्या दिवशी गेलं?" एक हात वर झाला. "तिसऱ्या महिन्यात?" चार हात, अभिमानाने. "तीन वर्षं कोण जगलं?"

"माझी बहीण!"

"आणि यातलं काहीच खरं ठरलं नाही, असं कुणी?"

भिंतीशी उभा गवंडी चाचरला. "माझी आई पाचव्या महिन्यात गेली. बाबा म्हणाले, माझीच श्रद्धा कमी पडली."

"चौथं बोट कुणाला दाखवलं यांनी?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एकालाही नाही.

"आईला विचार!" बाबा गरजले. "आकडा खरा ठरला की नाही?"

आईने स्वतःची तीन बोटं वर केली आणि त्या बोटांकडेच बघत राहिली.

"ह्यांनी तीनदा विचारलं, पोर कधी येणार. तीनदा मी म्हटलं, घाई काय. चौथ्यांदा विचारलंच नाही. तेवढे तीन खरे ठरले, बाबा."

लेकीने तिला धरून जिना उतरवला. मागोमाग गवंडी उतरला, मग आणखी काहीजण.

मंडळी, देवावर भरवसा ठेवा, मीही ठेवतो. पण देवाने कुणालाच न सांगितलेली गोष्ट बोटांवर दाखवणारा भेटला, तर विचारा: तीन काय? आणि डॉक्टर "नक्की सांगता येत नाही" म्हणाले, तर रागावून उठू नका. त्यांचं पुढचं वाक्य ऐका. आपल्या माणसाला भेटायची वेळ त्यातच असते.