दादाच्या प्रती

दादाच्या छोट्याशा कंपनीत बाळाला पायाशी निजवता येतं, म्हणून मी इथे टिकून होते.

त्या दिवशी नव्या सर्व्हरवर डेटाबेसमधल्या टेबलांच्या नुसत्या व्याख्या आणायच्या होत्या. डेटा नाही, फक्त रिकामे आराखडे. तरी काम रखडलं. दादाने की-बोर्ड आपटून मोडला. त्याची बटणं बाळाच्या दुपट्यावर उडाली.

"दादा, पोर झोपलंय."

"गिऱ्हाईक माझा जीव खातंय!" त्याने तिथलंच नेटवर्क सांभाळणाऱ्या माझ्या नवऱ्याला कॉलर धरून भिंतीवर आदळलं. "तुमचं नेटवर्कच भिकार आहे, दाजी!"

नवऱ्याचा ओठ फुटला. मी माझ्या स्क्रीनकडे वळले. प्रत्येक बदलाआधी दादा भीतीपोटी सगळ्या टेबलांच्या प्रती काढायचा आणि एकही पुसायचा नाही. त्या हजारो प्रतींच्याही व्याख्या वाचल्या जात होत्या. मी त्या वगळल्या. बघता बघता काम संपलं.

"नेटवर्क नाही, दादा. तुझ्या जुन्या प्रती नडल्या."

त्याने माझ्यावर मूठ उगारली. बाळ दचकून किंचाळलं. मी त्याला छातीशी घट्ट धरलं.

"मार. पण उद्यापासून आम्ही तिघंही येणार नाही."

मूठ तशीच हवेत राहिली. आम्ही निघालो.